बोअरच्या पाण्यातलं युरेनियम: आरओ की रेझिन?

अहवालात युरेनियम लिटरला 30 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर आलं, तर घरापुरते दोनच पर्याय कामाचे: आरओ किंवा ॲनायन रेझिनची (ऋणभारित क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची) टाकी. कार्बन आणि यूव्हीचा इथे उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं, युरेनियम तेवढंच राहतं. नेहमीचं सॉफ्टनरही चालत नाही, कारण बायकार्बोनेटशी जोडलेलं युरेनियम ऋणभारित असतं आणि सॉफ्टनर धनभारित क्षार धरतं. बेसॉल्टपेक्षा ग्रॅनाइट-नाइसच्या खडकात युरेनियम जास्त असतं, त्यामुळे भंडारा, गडचिरोली, देगलूर-बिलोलीकडच्या खोल बोअरांची तपासणी आधी व्हावी.

भीती किरणोत्सर्गाची वाटते, पण पहिला धोका मूत्रपिंडाला आहे. 30 मायक्रोग्रॅम युरेनियम-238 म्हणजे जेमतेम 0.37 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). जागतिक आरोग्य संघटनेची त्याची किरणोत्सर्गी मार्गदर्शक पातळी लिटरला 10 बेकरेल आहे.

रेझिनच्या बाजूने बरंच बोलता येईल. वीज लागत नाही, पाणी फारसं वाया जात नाही, 10 लिटर रेझिन तासाला 200 लिटर पाणी आरामात हाताळतं आणि युरेनियम घट्ट धरून ठेवतं. मुख्य अडचण एक, आणि माझ्या मते निर्णायक: रेझिन भरलं की ते कळत नाही. चव, रंग, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), काहीच बदलत नाही; दर वेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. रेझिन पाण्यातलं नायट्रेटही धरतं, पण ते तर त्याआधीच सुटतं. सल्फेट त्याला ढकलून बाहेर काढतं आणि काही काळ मूळ पाण्यापेक्षाही जास्त नायट्रेट नळाला येतं. घरात तान्हं बाळ असेल तर हे परवडणारं नाही. शिवाय मिठाने धुतल्यावर साठलेलं सगळं युरेनियम त्या खाऱ्या पाण्यात उतरतं. ते शोषखड्ड्यात सोडलं तर पुन्हा बोअरकडेच निघालं.

आरओची पडदी खराब झाली की साधा टीडीएस मीटर सांगतो. मीटरला युरेनियम दिसत नाही, पण पडदीची गळती दिसते. मूळ पाण्याचा टीडीएस 800 असेल तर 10 मिनिटं चालवून घेतलेल्या पाण्याचा 40–60 असावा. 120 च्या वर गेला की पडदी बदला. सुरुवातीचं पाणी मोजू नका, बंद मशीनमध्ये क्षार पडदीतून झिरपलेले असतात.

आरओ फसतो तो टीडीएस कंट्रोलरच्या छोट्या व्हॉल्व्हमुळे. चव यावी म्हणून तो पडदीला वळसा घालून कच्चं पाणी मिसळतो. मूळ पाण्यात लिटरला 120 मायक्रोग्रॅम युरेनियम असेल, पडदी 95 टक्के अडवत असेल आणि पाव भाग कच्चं पाणी मिसळलं, तर ग्लासात 34.5 येतात. म्हणजे मशीन असूनही मर्यादा ओलांडली. तंत्रज्ञाकडून व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून घ्या. चव हवी असेल तर पडदीनंतर मिनरल कार्ट्रिज लावा.

वसतिगृहासारख्या ठिकाणी, जिथे वीज बेभरवशाची आहे आणि कुणीतरी नियमित नमुने पाठवतं, तिथे रेझिन कदाचित बरं पडेल. घरात पिण्या-स्वयंपाकाच्या 15–20 लिटरसाठी मी आरओच घेईन. आंघोळीला कच्चं पाणी चालतं, युरेनियम त्वचेतून फारसं शिरत नाही. आरओच्या सांडपाण्यात मात्र ते जवळपास दीडपट झालेलं असतं: फरशी आणि संडासासाठी वापरा, गुरांना पाजू नका.