सिमपाय : ओपीडीचे ड्यूटी रोस्टर आखताना आलेला अनुभव

केसपेपरच्या खिडकीवर आणि कॅज्युअल्टीत कोणत्या वेळी किती माणसे लावावीत, हे ठरवण्यासाठी मी गेले वर्षभर सिमपाय वापरत आहे. पायथॉन या संगणकभाषेतील ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, विनामूल्य आहे. रुग्ण येतो, रांगेत उभा राहतो, खिडकी मोकळी झाली की पुढे सरकतो, हा क्रम थोड्या ओळींत लिहून दिला की संगणक महिनाभराची ओपीडी काही क्षणांत चालवून दाखवतो.

निव्वळ सरासरीवर रोस्टर का आखू नये, हे आकड्यांतच पाहावे. एका रुग्णाला सरासरी ६ मिनिटे लागतात आणि येण्याच्या व कामाच्या वेळा पूर्णपणे अनियमित आहेत असे धरले, तर कारकून ८० टक्के वेळ कामात असताना रांगेतील सरासरी प्रतीक्षा २४ मिनिटे येते. ९० टक्क्यांना ती ५४ आणि ९५ टक्क्यांना ११४ मिनिटे होते. खिडकीवरचा माणूस जरा रिकामा दिसला म्हणून त्याला दुसरीकडे पाठवण्याची आपल्याकडची सवय किती महाग पडते, ते यावरून कळावे. ९० टक्के व्यग्र अशा दोन खिडक्यांसमोर दोन रांगांऐवजी एकच रांग लावली, तर ५४ मिनिटांची प्रतीक्षा सुमारे २६ वर येते, आणि त्यासाठी एकही माणूस वाढवावा लागत नाही.

एवढे गणित सूत्रानेही सुटते. एर्लांग या डॅनिश गणितज्ञांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०९ पासून ते मांडले होते. परंतु सोमवारची गर्दी, सकाळच्या एसटीने एकदम उतरणारे रुग्ण आणि जेवणाची सुट्टी सूत्रात बसत नाहीत. तिथे सिमपाय खरोखर उपयोगी पडते.

उणिवाही आहेत. खिडक्यांची संख्या एकदा दिली की मध्येच बदलता येत नाही. सुट्टीच्या वेळी सर्वोच्च प्राधान्याचा एक खोटा रुग्ण घालून खिडकी अडवून ठेवावी लागते. प्रतीक्षेच्या नोंदी ही लायब्ररी आपणहून ठेवत नाही, आणि एनीलॉजिक या अशाच कामाच्या सॉफ्टवेअरसारखी हलती चित्रेही दाखवत नाही. पायथॉन अजिबात न येणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत मोठी अडचण मात्र आपल्या माहितीची आहे. आमच्या संगणकात केसपेपर छापल्याची वेळ असते, रुग्ण आल्याची नसते. त्याआधीची सगळी प्रतीक्षा नोंदीतून गायब. शेवटी एक सिस्टर आणि मी दोन आठवडे वही घेऊन दारात बसलो, तेव्हा कुठे प्रारूपातली रांग खऱ्या रांगेसारखी दिसू लागली.

आता मेट्रनबाईंना मी सरासरी दाखवत नाही. शंभर वेळा चालवलेल्या सोमवारांपैकी किती सोमवारी प्रतीक्षा तासाच्या वर गेली, तेवढेच सांगतो, आणि सकाळच्या पाळीत माणूस वाढवण्याची चर्चा तिथून सुरू होते.