बत्तीस बोरचं स्वस्त पिस्तूल: दोष काउंटरवरच पकडा

परदेशात नवं पिस्तूल पारखायला पाचशे काडतुसं झाडतात. आपल्याकडे परवान्यावर लिहिलेल्या संख्येपलीकडे एक काडतूस मिळत नाही, आणि मिळतं तेही महाग. त्यामुळे ठाणे असो की नवी मुंबई, स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारं) पिस्तूल घेणाऱ्यानं परीक्षा दुकानातच, पैसे देण्याआधी घ्यायची.

आधी निकाल सांगतो: या वर्गातली पिस्तुलं मुळात वाईट नसतात. .३२ एसीपी, म्हणजे बत्तीस बोरच्या काडतुसाचा दाब कमी, म्हणून बहुतेकांत साधी ब्लोबॅक रचना असते. नळी फ्रेमला, म्हणजे सांगाड्याला पक्की, आणि स्लाइडचं (वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाचं) वजन व स्प्रिंगचा जोर एवढ्यावर सगळं चालतं. थोडं ढिलं यंत्रकाम इथे खपून जातं. पैसे वाचवलेले दिसतात ते मॅगझीन (काडतुसांची डबी), एक्स्ट्रॅक्टर (चेंबरमधून काडतूस ओढणारा आकडा) आणि सेफ्टीच्या खटक्यात.

मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीनंही चाचपा. पुढचं सगळं रिकाम्या पिस्तुलावर, तोंड सुरक्षित दिशेला, दुकानदाराला विचारून.

स्लाइड जरा डुलली तर घाबरू नका. नळी मात्र हलता कामा नये. हलली तर पिस्तूल परत द्या. मग स्लाइड हातात धरून सावकाश पुढे सोडा. खरखर जाणवली तर रेल्सवर (स्लाइड सरकते त्या कडांवर) यंत्रकामाचे ओरखडे राहिलेत, ते वापरानं घासले जातात. एकाच जागी अडकत असेल तर तिथे बर्र (धातूचा उरलेला कंगोरा) आहे, आणि तो दुकानदाराच्या खर्चानं निघायला हवा. स्प्रिंग कडक आहे म्हणजे माल दणकट, हा गैरसमज आहे. ब्लोबॅकमध्ये ती कडकच लागते.

सर्वांत जास्त वेळ मॅगझीनला द्या. वरच्या तोंडाचे दोन्ही ओठ सारखे वळलेले हवेत, वेल्डिंगच्या शिवणीला भेग नको, आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) अंगठ्यानं दाबून सोडला की तिरका न अडकता वर यायला हवा. .३२ चं काडतूस सेमी-रिम्ड आहे: मागची कड बुडापेक्षा व्यासात सुमारे अर्धा मिलिमीटर मोठी. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की ते पुढे सरकतच नाही, हाच रिमलॉक. भरताना प्रत्येक कड खालच्या कडेच्या पुढे बसवा. आखूड होलो-पॉइंट (नाकाला खळगा असलेल्या) गोळीला मॅगझीनमध्ये पुढे-मागे जागा राहते, तिथे हा त्रास वाढतो. ७१ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाची गोल नाकाची गोळीच बरी.

डमी (बारूद नसलेलं) काडतूस चेंबरमध्ये घालून स्लाइड हळू मागे घ्या. एक्स्ट्रॅक्टरनं ते इजेक्टरला (टरफल बाहेर फेकणाऱ्या भागाला) लागेपर्यंत धरून ठेवलं पाहिजे. मध्येच गळलं तर आकड्याची धार गोल आहे किंवा त्याची स्प्रिंग मऊ.

आता सेफ्टी. घोडा चढवा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा, सेफ्टी काढा. त्या क्षणी घोडा पडला तर ते पिस्तूल धोकादायक आहे, कितीही सूट मिळो. दुसरी चाचणी: चाप दाबून धरूनच स्लाइड मागे-पुढे करा, घोडा चढलेलाच राहिला पाहिजे. पडला तर डिस्कनेक्टर (एका ओढीत एकच गोळी सुटू देणारा भाग) नापास. फायरिंग पिनसाठी (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईसाठी) नळी वर करून पेन्सिल रबराच्या टोकानं आत सोडा आणि चाप ओढा. पेन्सिल उडून बाहेर यायला हवी, नुसती थरथरली तर मिसफायर (चाप ओढूनही गोळी न सुटणं) ठरलेलेच.

पॉलिश आणि ग्रिपच्या प्लॅस्टिकवर फार वेळ घालवू नका. पिस्तुलावर कोरलेला नंबर मात्र बिलाशी एकेक आकडा जुळवून घ्या.

परवानाधारक रेंजवर पहिल्या मॅगझीननंतर रिकाम्या केसेस (काडतुसांची टरफलं) उचलून बघा. प्रायमरवरचा (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवरचा) ठसा मध्यभागी आणि खोल हवा. केसच्या बुडाजवळ एका बाजूला फुगवटा दिसला तर फीड रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढवणारा उतार) जास्त कापला गेलाय. पुढचं काडतूस झाडू नका. चाप ओढून आवाज आला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मगच स्लाइड उघडा.

राहिला आपला पावसाळा. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठी किंवा घोडबंदरला पातळ ब्लूइंग (पोलादावरचा काळसर-निळा गंजरोधक थर) फार टिकत नाही. गंज आधी ग्रिपच्या पट्ट्यांखाली आणि मॅगझीनच्या आत धरतो, जिथे कुणी बघत नाही. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ग्रिप उघडून पुसा आणि गन ऑइलचा पातळ हात फिरवा. जास्त तेल नको, ते काडतुसात झिरपून प्रायमर मारतं. चामडी होल्स्टर ओल धरतं. पिस्तूल त्यात न ठेवता रिकामं करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद पेटीत ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात.