लिथियम घ्यायचं की व्हॅल्प्रोएट? आणि ईईजीचं काय?

बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजारात, ही दोन औषधं देतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, बघून या दोनांतलं औषध ठरत नाही. वीस-तीस मिनिटांच्या त्या आलेखात बायपोलरची स्वतःची अशी खूण नसते. तो लागतो फिटची शंका असेल तेव्हा: मध्येच भान हरपलं, जीभ चावली गेली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मॅनिया (अतिउत्साहाचा झटका) आला. अशा वेळी जरूर काढा. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड धरत नाहीत. चालू औषधं फॉर्मवर लिहाच. लिथियमने लाटा संथ होतात, क्लोनाझेपाम या शांत करणाऱ्या गोळीने जलद लाटा वाढतात; हे माहीत नसेल तर रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. ईईजीवरून काढलेल्या रंगीत ‘ब्रेन मॅपिंग’वरून औषध निवडून देतो असं कुणी म्हटलं तर ते पैसे रक्ततपासणीला ठेवा.

लिथियमचा मॅनियावरचा उपयोग 1949 मध्ये जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियातून मांडला. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत इतका भक्कम पुरावा व्हॅल्प्रोएटकडे नाही, म्हणून पूर्वी तसा प्रयत्न झाला असेल तर आमचं झुकतं माप लिथियमला. मात्र एकदम जास्त गोळ्या घेतल्या तर तेच जिवावर बेततं. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात हव्यात.

लिथियमची खरी कसोटी रोजच्या शिस्तीची. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, 1.5 च्या वर विषबाधेचा धोका. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी पुन्हा, आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. पालखीबरोबर दिवे घाट चढताना गळणारा घाम, निर्जळी एकादशी, जुलाब, किंवा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक: पातळी चढते ती अशी. बीपीच्या काही गोळ्यांनीही चढते. हाताची थरथर वाढली, तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं तर पुढची गोळी न घेता थेट कॅज्युअल्टी गाठा.

ही शिस्त जमणार नसेल, मूत्रपिंड कमजोर असेल किंवा फिटही येत असतील तर व्हॅल्प्रोएट सोयीचं. मॅनियाही लवकर आवरतो. वजन वाढतं, केस गळतात. यकृत आणि प्लेटलेट तपासत राहावं लागतं.

मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीसाठी मात्र व्हॅल्प्रोएट शक्यतो नकोच. गरोदरपणात घेतलं तर साधारण दहांतल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि 30 ते 40 टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचण येऊ शकते. फॉलिक ॲसिडने हा धोका जात नाही. लग्न ठरलंय म्हणून डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करणंही तितकंच घातक. आधी भेटा, औषध बदलून घ्या.

नैराश्याचेच झटके जास्त असतील तर लॅमोट्रिजिन या तिसऱ्या औषधाचा विचार होतो. रोज 25 मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवत 200 पर्यंत जायला सहा-सात आठवडे लागतात. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दिवसाआड 25. घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. आठवडाभर खंड पडला तर पुन्हा 25 पासूनच सुरुवात.