मराठी नोंदींची डिजिटल बाग: ऑब्सिडियन घ्यावे की टिडलीविकी?

एखादा विचार लिहून सोडून न देता वर्षानुवर्षे वाढवायचा असेल, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या नोंदींची ‘डिजिटल बाग’ लावायची असेल, तर निवड शेवटी दोन साधनांवर येते: सगळ्या नोंदी एकाच फाइलीत ठेवणारे टिडलीविकी, किंवा प्रत्येक नोंद वेगळ्या फाइलीत ठेवणारे ऑब्सिडियन आणि सोबत त्या नोंदींचे संकेतस्थळ बनवणारे क्वार्ट्झ. नोशन हे नेटवरचे नोंदींचे साधन मी इथे धरत नाही. त्यातून नोंदी बाहेर काढल्या की प्रत्येक फाइलच्या नावामागे आकडे-अक्षरांचे लांबलचक शेपूट येते. शिवाय ऐन पावसाळ्यात सांगलीत वीज आणि नेट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे नोंदी आपल्याच डिस्कवर असलेल्या बऱ्या.

उदाहरणाला कृष्णेचा पूर घेऊ. पूर, आयर्विन पूल, कोयनेचा विसर्ग, अलमट्टी धरण, कृष्णा खोरे अशा नोंदी होतील. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, एवढीच एक छोटी नोंद असेल, पण दर पावसाळ्यात बाकीच्या नोंदी तिच्याकडे बोट दाखवणार. इथवर दोन्ही साधने सारखीच चालतात.

खरी अडचण वाक्य लिहायला घेतल्यावर येते. नोंदीचे नाव ‘पूर’, पण वाक्यात येते पुराचे, पुरात, पुरामुळे. प्रत्यय लागतो तो लागतोच, वर दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो. शोधपेटीत ‘पूर’ टाकले तर ‘पुरात’ हाती लागत नाही. उलट कोल्हापूर, पूर्ण, पूर्वी हे सगळे गोळा होतात. सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी होणारे शब्दाचे रूप, ओळखण्याची सोय दोन्हींतही नाही. म्हणून मराठी बागेत शोधावर विसंबता येत नाही, दुवे हातानेच घालावे लागतात. आणि दिवसातून पन्नासदा करायचे काम किती सहज होते, यावरच माझी निवड ठरली.

ऑब्सिडियनमध्ये नोंदीच्या माथ्यावर ‘एलिअसेस’ नावाचा गुणधर्म असतो. तिथे पुराचा, पुरात, पुराने अशी जंत्री भरायची गरज नाही. ‘पुरा’ हे एकच सामान्यरूप पुरते. लिहिताना दोन चौकटी कंस उघडून ‘पुरा’ टाइप केले की सुचवण्यांत ती नोंद येते, एंटर दाबले की [[पूर|पुरा]] असा दुवा तयार होतो, आणि त्याला चिकटून ‘त’, ‘चे’, ‘मुळे’ जे हवे ते लिहायचे. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असल्याने अक्षर मोडत नाही. फक्त प्रत्ययाला दुव्याचा रंग चढत नाही, एवढेच. कृष्णासाठी ‘कृष्णे’, खोरेसाठी ‘खोऱ्या’. अनेकवचन लागत असेल तर ‘पुरां’ वेगळे द्यावे. ‘नदी’सारख्या शब्दाला एकवचनात काहीच लागत नाही. दुवा घालायचा राहून गेला असेल, तर अनलिंक्ड मेन्शन्सची, म्हणजे दुवा नसलेल्या उल्लेखांची यादी ही पर्यायी नावेही धरते.

टिडलीविकीत दुवा उलट्या क्रमाने लिहितात: आधी दिसणारा शब्द, मग नोंदीचे नाव, म्हणजे [[पुरा|पूर]]त. क्रमाची सवय होते. पण पर्यायी नावांची सोय मूळ टिडलीविकीत नाही, त्यामुळे सामान्यरूप दरवेळी स्वतःच लिहावे लागते. शिवाय वाढत्या विचाराचे शीर्षकही बदलत जाते. ‘अलमट्टीमुळे पूर येतो का’ या नोंदीचे वर्षभराने ‘अलमट्टीचा फुगवटा कुठवर येतो’ होते. टिडलीविकी अशा वेळी टॅग आणि याद्यांतले नाव बदलून देते, मजकुरातले दुवे मात्र जुन्याच नावाकडे राहतात. रीलिंक हे प्लगइन, म्हणजे वरून बसवायची जोड, ते काम करते. टिडलीविकी घेणार असाल तर ते पहिल्याच दिवशी बसवा. ऑब्सिडियन दुवे आपणहून सुधारते, पण नाव ऑब्सिडियनच्या आतूनच बदलायला हवे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून बदलले तर तिथेही दुवे तुटतात.

टिडलीविकीचे मोठेपण मात्र मान्य करायलाच हवे. 2004 पासून ते टिकून आहे, अख्खी बाग एका एचटीएमएल फाइलीत मावते आणि पेनड्राइव्हवरून कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. नुसत्या ब्राउझरमधून जतन केले तर बहुधा दरवेळी डाउनलोड्समध्ये नवी प्रत पडते आणि ताजी कोणती ते कळेनासे होते; म्हणून संगणकावर टिडलीडेस्कटॉप किंवा नेटवर टिडलीहोस्ट वापरावे. बाग जगासमोर मांडण्यात ते उघडच सोपे आहे: एक फाइल चढवली की झाले.

क्वार्ट्झला आधी ते चालवणारे नोड आणि फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारे गिट बसवावे लागते, आणि मराठीचे खाचखळगे तिथेच लागतात. मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून टायपोग्राफीच्या सेटिंगमध्ये ‘मुक्ता’सारखा फॉन्ट द्या. पूर्ण वाक्याचे शीर्षक फार लांबवू नका. विंडोजवर चालणारे नाव, संकेतस्थळ जिथे बांधले जाते त्या गिटहबच्या लिनक्स यंत्रावर अडकते, कारण तिथे फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट घेते. म्हणजे फाइलच्या नावाची .html सारखी शेपटी धरून 80 चिन्हांच्या आत आटपायला हवे. पत्ता कॉपी करून पाठवला तर एकट्या ‘पूर’चीच 27 अक्षरे होऊ शकतात. बांधणीच्या वेळी गिटचा पूर्ण इतिहास खेचायची सेटिंग ठेवा, नाहीतर नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख चुकीची दिसते. बागेत ही तारीख फार मोलाची असते.

बसवाबसवीची खटपट नको असेल, तर टिडलीविकी घेणाऱ्याला मी अडवणार नाही. मराठीत रोज चार ओळी लिहिणाऱ्याला मात्र ऑब्सिडियन सुचवेन. सुरुवातीला उपफोल्डर नकोत, प्लगइन नकोत. 20-25 नोंदी आणि त्यांची सामान्यरूपे एवढेच. घ्याल ते घ्या, पण फोन आणि संगणकावरची टाइप करायची पद्धत तपासून घ्या. ‘खोऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी उमटतो, ‘ॲप’मधला ॲ सुद्धा. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि नकळत दुसरी नोंद उघडली जाते.