इम्प्रेझा रिअर-व्हील करताना मागचं डिफ: आर-१६०, आर-१८० की आर-२००?

चारही चाकं ओढणाऱ्या सुबारू इम्प्रेझाचा पुढचा ड्राइव्ह काढला की सगळा टॉर्क (फिरवणारा जोर) मागे जातो, म्हणून मिळेल ते मोठं डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) बसवा, हा सल्ला अर्धाच खरा आहे. हिशेब करून बघा. इंजिन ३०० न्यूटन-मीटरचं आणि पहिला गिअर ३.४५ चा असेल, तर पिनियनवर (डिफमध्ये जोर आणणाऱ्या छोट्या गिअरवर) १,०३५ न्यूटन-मीटरपर्यंत जोर येऊ शकतो. चारही चाकं ओढत असताना साधारण याच्या निम्मा यायचा. पण मागच्या दोन चाकांवर मिळून ६५० किलो भार असेल, तर साधे टायर एकूण २,००० न्यूटन-मीटरच्या आसपासच घसरतात. डिफच्या ३.९० च्या गुणोत्तराने भागलं की पिनियनवर उरतात फक्त ५१० ते ५२०. सलग जोर लावताना टायरच आधी हार मानतात. दात तुटतात ते क्लच झटक्यात सोडल्यावर, किंवा चाकं रस्त्यावर उड्या मारू लागल्यावर. तेव्हा हॉर्सपॉवरपेक्षा टायर आणि चालवण्याची पद्धत पाहून डिफ ठरवा.

आर-१६० मधला आकडा म्हणजे क्राउन व्हीलचा (पिनियन फिरवतो त्या मोठ्या गिअरचा) मिलिमीटरमधला व्यास. साध्या इम्प्रेझात आणि डब्ल्यूआरएक्स या टर्बो मॉडेलमध्ये हेच असतं, त्यामुळे माउंटिंग, एक्सल, हब काहीच बदलावं लागत नाही. रस्त्याचे टायर आणि सरळ ड्रायव्हिंग असेल तर हे पुरतं. कमजोर असतो तो आतला व्हिस्कस एलएसडी (एकाच चाकाला फिरत बसू न देणारी, घट्ट द्रवावर चालणारी यंत्रणा). सतत घसरण्याच्या उष्णतेने त्याची पकड ढिली होते आणि एकच चाक फिरत बसतं. वाचलेले पैसे हेलिकल (तिरप्या दातांच्या गिअरच्या) किंवा क्लच-प्लेट (घर्षणाच्या चकत्यांच्या) एलएसडीवर घाला.

चिकट टायर आणि क्लच-किक (क्लच झटक्यात सोडून चाकं घसरवणं) असतील तर एसटीआय या जोरदार मॉडेलचं आर-१८० घ्या. क्राउन, पिनियन, बेअरिंग सगळंच दणकट. मात्र एक्सल डिफच्या बाजूला आर-१८० चे आणि चाकाच्या बाजूला तुमच्या हबला बसणारे हवेत. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफपर्यंतच्या दांड्याच्या) फ्लँजचे बोल्ट विकत घेण्याआधीच जुळवून पाहा. आतला एलएसडी मॉडेलनुसार क्लच-प्लेटचा किंवा गिअरवर चालणारा टॉर्सेन असतो, तेही आधी विचारून घ्या.

आर-२०० निस्सानचं आहे, सिल्व्हियासारख्या गाड्यांतलं. ताकद भरपूर, एलएसडीचे पर्याय भरपूर, पण सबफ्रेम कापून नवे माउंट बनवावे लागतात आणि एक्सल व प्रोपेलर शाफ्ट खास करून घ्यावे लागतात. पिनियनचा कोन चुकला तर गाडी वेगात थरथरते. ड्रिफ्टचीच गाडी नसेल तर या खटाटोपात पडू नका.

रेशोत मोठा सापळा आहे. काही सहा-स्पीड गिअरबॉक्सच्या ट्रान्सफरमध्ये (जोर मागे नेणाऱ्या गिअरजोडीत) १.१ चं गुणोत्तर असतं, म्हणून त्यांच्यामागे ३.५४ चं आर-१८० येतं (१.१ × ३.५४ ≈ ३.९०). तेच डिफ १:१ ट्रान्सफरच्या पाच-स्पीडला लावलं की गाडी खरोखर ३.५४ वर चालते. चारचाकी ड्राइव्हमध्ये या फरकाने सेंटर डिफचा (पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या डिफचा) बळी गेला असता. इथे फक्त पिकअप मंदावतो. २०५/५५ आर१६ टायर आणि ०.७४ च्या पाचव्या गिअरवर ताशी १०० किमीला इंजिन ३.५४ ने सुमारे २,२००, ३.९० ने २,४००, ४.४४ ने २,७५० आरपीएमवर फिरेल. स्पीडोमीटरची नोंद गिअरबॉक्सवरून होत असेल, तर मूळ ३.९० च्या जागी ४.४४ घातल्यावर काटा साधारण १४ टक्के जास्त दाखवेल.

एलएसडीत माझं मत रोजच्या गाडीला हेलिकल: शांत, झीज कमी, देखभाल जवळपास नाही. पण एक चाक हवेत गेलं की तो उघड्या डिफसारखाच वागतो. ट्रॅकवर कर्ब ओलांडणाऱ्याने क्लच-प्लेट घ्यावा आणि त्याला एलएसडीचंच तेल घालावं. वेल्ड केलेलं डिफ रस्त्यावर नकोच: वळणावर टायर फरफटतात, एक्सल पिळले जातात, आणि कडक पोलादावरचा वेल्ड नीट तापवून केलेला नसेल तर तडकून तुकडे थेट क्राउन-पिनियनमध्ये जातात.

तेल ७५डब्ल्यू-९० जीएल-५. आर-१६० ला सुमारे ०.८ लिटर, आर-१८० ला १ लिटर, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत.

डिफ कुठलंही असो, सेंटर डिफ लॉक केल्याशिवाय गाडी धड चालणार नाही. पुढचे एक्सल काढले तरी बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (एक्सलच्या टोकाच्या सांध्याचा) स्टब, म्हणजे आखूड दांडा, हबमध्ये ठेवून नट ठरलेल्या टॉर्कला आवळा. स्टबशिवाय पुढचं बेअरिंग सुटं होतं. शिवाय पाच-स्पीडमध्ये मागे जाणाऱ्या ट्रान्सफर गिअरच्या जोडीवरही आता सगळा जोर येतो. आर-२०० बसवूनही क्लच आपटत राहिलात, तर पुढची मोडतोड तिथेच होईल.