सोलापूरकरांनो, ‘लिनक्स चार्ज’च्या नावाखाली एक रुपयाही देऊ नका

जुळे सोलापुरातल्या एका इंटरनेट फ्रँचायझीनं माझ्याकडून ११,१०० रुपये घेतले. त्यातले ३,९०० रुपये फक्त एवढ्याच कारणावरून, की माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स ही दुसरी, मोफत मिळणारी सिस्टीम आहे. असा कुठलाही चार्ज मुळात नसतो. आता आपल्याकडं अनेक जण लिनक्सकडं वळतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी टॉवेल आणि चादरींची डिझाइनं काढून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना पाठवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. माझं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, पण धडधाकट आहे, म्हणून त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. दिवाळीनंतर नवं कनेक्शन घ्यायचं ठरवलं, तेव्हा एजंटला पहिला प्रश्न हाच विचारला, की लिनक्सवर काही अडचण येणार नाही ना?

“सर, लिनक्सवाले लई कस्टमर हायेत आपल्याकडं. त्यांच्यासाठी वेगळं पॅकेजच केलंय.”

पॅकेज असं: वर्षाचा प्लॅन ७,२०० रुपये, स्टॅटिक आयपीचे, म्हणजे नेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याचे, महिना २०० प्रमाणे २,४०० आणि ‘लिनक्स कॉन्फिगरेशन’चे १,५००. विंडोज आपलं आपण नेटला जोडलं जातं, लिनक्सला मात्र कायमचा पत्ता बांधून द्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. ऐकणाऱ्याला ते तांत्रिक आणि खरं वाटतं. सगळे पैसे आगाऊ, आणि यूपीआय एका माणसाच्या खासगी नावावर. पावतीवर ‘इन्स्टॉलेशन चार्जेस’ एवढंच लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही.

आता खरी गोष्ट काय आहे ते सांगतो. फायबरची तार घरात येते ती एका डब्यात, त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक घरगुती कनेक्शनमध्ये कंपनीचं यूझरनेम आणि पासवर्ड, म्हणजे पीपीपीओईचं लॉगिन, त्या डब्यातच भरलेलं असतं. कंपनीशी बोलतो तो डबा. तुमचा कॉम्प्युटर, मोबाइल, टीव्ही हे सगळे त्या डब्याकडून आपोआप पत्ता घेतात. पलीकडं विंडोज आहे का लिनक्स, याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नसतं. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्सच आहे आणि बहुतेक राउटरमध्येही तेच चालतं. म्हणजे लिनक्सचे जादा पैसे मागणारा माणूस हातात जो डबा देतो, तो बहुधा स्वतःच लिनक्सवर चालत असतो. काही छोट्या कंपन्या लॉगिनसाठी फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर देतात. तशा ठिकाणी लिनक्सवाल्याची खरंच अडचण होते, पण तिथंही ते लॉगिन राउटरमध्ये भरता येईल का, हे आधी विचारावं.

माझ्या कनेक्शनचं ‘कॉन्फिगरेशन’ म्हणजे टेक्निशियननं लॅनची वायर कॉम्प्युटरला लावली, नेट सुरू झालं आणि तो निघून गेला. कॉम्प्युटरला त्यानं हातही लावला नाही. १,५०० रुपये त्याचे.

जानेवारीत, ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत, नेट बंद पडलं. कारखान्याला डिझाइन पाठवायचं होतं. ऑफिसला फोन केला तर उत्तर आलं, “लिनक्स आहे ना तुमचं? मग विंडोज टाकून घ्या, आमचा मुलगा टाकून देईल, ८०० रुपये होतील.” मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आलाच. “काका, तुमचं ते लिनक्स हाय ना, त्याच्यामुळं होतंय बघा.” पेनड्राइव्हमध्ये चोरीचं विंडोज होतं. ते टाकलं असतं तर डिस्क फॉरमॅट होऊन डिझाइनं गेली असती.

मी त्याला डबा दाखवला. एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकत होता. तो दिवा लाल झाला, म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. कॉम्प्युटर बंद करून ठेवला तरी तो लालच राहणार. घरातले मोबाइलही वायफायवर चालत नव्हते. शेवटी त्यानं बॅगेतून पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र, काढलं. रीडिंग उणे ३४ आलं. साधारण उणे २७ च्या खाली सिग्नल गेला, की घरगुती फायबर बंद पडायला लागतं. बाहेरच्या खांबावर तार दाबली गेली होती. ती पुन्हा जोडली आणि नेट सुरू. लिनक्सला कुणी हात लावला नव्हता. त्या पोराचा मला राग नाही, त्याला ऑफिसनं जे पढवलं तेच तो बोलत होता.

त्या दिवशी मला स्टॅटिक आयपीचीही शंका आली. डब्याच्या खालच्या स्टिकरवर त्याच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमध्ये तो टाकून मी आत गेलो आणि ‘वॅन आयपी’, म्हणजे कंपनीनं डब्याला दिलेला पत्ता, पाहिला. आकडा १००.७२ नं सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपन्यांनी अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. स्वतंत्र स्टॅटिक आयपी घेतलेल्याला तो आकडा दिसायलाच नको. डबा बंद करून चालू केला तर पत्ता बदलला. म्हणजे जे मला लागतच नव्हतं ते माझ्या गळ्यात मारलं, आणि पैसे घेऊन तेही दिलं नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

फ्रँचायझीनं हात वर केले. “ॲडव्हान्स रिफंड होत नाही, पॉलिसी आहे.” पण फ्रँचायझी म्हणजे कंपनी नव्हे. दूरसंचार विभागाचा परवाना असतो तो मूळ कंपनीला. तिच्या तक्रार केंद्रात लेखी तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतला. तिथं दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, त्याला फी नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था, ग्राहकांच्या वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळं थेट तिकडं लिहून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही तक्रार नोंदवली. स्टॅटिक आयपीचे २,४०० कंपनीनं परत केले. १,५०० साठी फ्रँचायझी अजून अडून बसलीय, कारण पावतीवर ‘कॉन्फिगरेशन’ हा शब्दच नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

नवं कनेक्शन घेताना एजंटला लिनक्स चालेल का, असं विचारूच नका. त्या प्रश्नानंच त्याला गिऱ्हाईक कळतं. लॉगिन राउटरमध्ये भरणार का, पीपीपीओईचं यूझरनेम-पासवर्ड मला देणार का, स्वतःचा राउटर लावता येईल का, हे विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. जो या प्रश्नांची सरळ उत्तरं देतो, त्याच्याकडं कुठलीही सिस्टीम चालते. पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे द्या, कंपनीच्या नावावरच द्या. बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर हवाच, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा.

ज्यांनी असं ‘लिनक्स पॅकेज’ आधीच घेतलंय, त्यांनी आजच डब्यात शिरून वॅन आयपीच्या पानाचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. कनेक्शन बंद करायला सांगितलं की ते आधी डबा उचलून नेतात, आणि मग दाखवायला हातात काहीच उरत नाही.