मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: जुन्या गाडीची खडखड शोधायला किती कामाचा?

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीतून आवाज यायला लागला की बऱ्याचदा अंदाजाने पार्ट बदलले जातात. आधी शॉकअप, मग इंजिन माउंटिंग, मग आणखी काही, आणि आवाज जिथल्या तिथे. हजार रुपयांच्या आत मिळणारा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप हा खर्च नक्की वाचवतो, पण गाडी उभी असताना आवाज येत असेल तरच. फक्त चालत्या गाडीत होणाऱ्या खडखडीसाठी तो घेऊ नका.

रचना डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचीच, फक्त चकतीच्या जागी वीतभर पोलादी सळई असते. जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून हेच काम करतात. इथे दोन्ही कान झाकले जातात, बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि चेहरा फिरत्या पट्ट्यापासून लांब राहतो. हा फायदा मोठा आहे. तरी ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आधी आवरा, आणि रबरी नळ्या पट्ट्यावर लोंबू देऊ नका.

सळई नेहमी न फिरणाऱ्या भागावर टेकवायची. आयडलर पुली (पट्ट्याला दिशा देणारी मोकळी फिरणारी चाकी) तपासताना तिच्या मधल्या बोल्टवर, अल्टरनेटर तपासताना बॉडीवर, पुढच्या आणि मागच्या बेअरिंगजवळ. चांगल्या बेअरिंगचा आवाज एकसुरी येतो, खराब बेअरिंग जात्यात वाळू भरडल्यासारखं घरघरतं. धातूतून आवाज लांबवर पोचतो, त्यामुळे तो थोडाफार सगळीकडेच ऐकू येणार. जिथे तो सगळ्यात टोकदार आणि स्पष्ट, ती जागा खरी. खात्री करायची तर इंजिन बंद करून अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा पट्टा उतरवा आणि पुन्हा चालू करा. आवाज गेला, तर दोष पट्ट्यावर चालणाऱ्या भागांत आहे. पण इंजिन अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, टकटक क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने येते. ८०० आरपीएमच्या आयडलला एका व्हॉल्व्हचे मिनिटाला ४०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा-सात. क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवायला मारुती ८०० ला टायमिंग बेल्ट आहे, मारुतीच्याच के-१०बी इंजिनाला चेन. चेनच्या इंजिनात सकाळी पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर चेनच्या कव्हरवर सळई टेकवून ऐका. तिथेच आवाज टोकदार असेल तर संशय चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर. मात्र इंजिन उघडायच्या आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड बघा, कारण बहुतेक टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतात.

ठरावीक आरपीएमलाच येणारी पत्र्याची झणझण बहुधा सायलेन्सरच्या हीट शील्डची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची असते. पत्रा गंजून बोल्टभोवती फाटतो आणि सुटा होतो. इथे स्टेथोस्कोप नकोच. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर शील्डवर मुठीने हलकेच ठोका, लगेच कळेल. स्टेनलेस स्टीलची मोठी जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) पाइप आणि शील्डभोवती आवळली की काम झालं. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यावर) ठोकल्यावर आत खुळखुळ वाजली, तर आतला सिरॅमिकचा ठोकळा फुटलाय. त्याला क्लिप चालत नाही, कन्व्हर्टरच बदलावा लागतो. तुकडे सरकून एक्झॉस्ट तुंबला की गाडीची ओढ कमी होते.

आता चालत्या गाडीची खडखड. आधी डिकीतून स्टेपनी, जॅक, पाना बाहेर काढून एक चक्कर मारा. तरीही आवाज असेल, तर खराब रस्त्यावर ब्रेक अगदी हलका दाबून धरा. दाबताच आवाज थांबला, तर ब्रेक पॅडच्या क्लिपा किंवा कॅलिपरच्या पिना बघा. हळू वेगात बारीक खड्ड्यांवर खटखट होत असेल, तर पहिला संशय स्टॅबिलायझर बारच्या (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचा झोल कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर. इथे फार जण फसतात: एकच चाक जॅकवर उचललं की बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि तिचा ढिलेपणा हाताला लागत नाही. दोन्ही पुढची चाकं सारखी उचलून, गाडी स्टँडवर टेकवून, मगच लिंक हलवून बघा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बदलले, तर त्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

घेताना सळई आट्यांची, काढता येणारी बघा. सळई काढून त्या जागी रबरी नळीचा तुकडा लावला, की मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या हवेच्या किंवा धुराच्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून होणारी गळती फुसफुशीवरून सापडते. कानातले बोळे मऊ नसतील तर दोन मिनिटांत कान दुखतात. तेवढं मात्र दुकानातच लावून बघा.